अंधाराची ड्युटी

रिबेलोबाई वसईला गेल्या तेव्हा
टेम्पोत सामान मावेना,
म्हणून ही कुंडी माझ्या दारात ठेवली.
"नाताळात फुलतं, काही करावं लागत नाही,"
म्हणाल्या, आणि लिफ्टमध्ये शिरल्या
शिलाई मशीनचं झाकण छातीशी धरून.

तीन नाताळ गेले.
चपट्या पेरांना पेरं फुटली,
खेकड्याच्या नांग्यांसारखी कुंडीबाहेर लोंबली,
फूल म्हणून काही नाही.
शेणखत दिलं, चहाचा चोथा दिला.
पाणी दिलं, मग रागाने पाणी तोडलं.
गोगटे म्हणाले, निवडुंग घरात नको, कटकटी होतात.
कटकटी आधीपासूनच होत्या,
त्यात या बिचाऱ्याचा हात नव्हता.

चौथ्या वर्षी वसईला फोन लावला.
तिकडे मागे कोंबड्या.
"अगं, पण रात्री अंधार मिळतो ना त्याला?"

गॅलरीत येऊन पाहिलं.
समोरच्या होर्डिंगवर एक बाई दात दाखवत
टू बीएचके देत असते, रात्रभर.
तिच्या दातांचा उजेड कपड्यांच्या दोरीवर,
तुळशीवर, याच्या पेरापेरावर.
रिबेलोबाई होत्या तेव्हा तिथे
भंगारवाल्याचा पत्रा होता आणि पत्र्यामागे
नुसता काळोख.
त्या काळोखाची तक्रार वॉर्ड ऑफिसात
आम्हीच केली होती. माझीही सही आहे.

अंधार! आणि तो मला सांगायचा!
एकोणतीस वर्षं मी म्युनिसिपालटीच्या इस्पितळात
एक्स-रेच्या डार्करूममध्ये काढली.
लाल दिव्याखाली फिल्म धुतल्या:
बरगड्या, मणके, पोरांनी गिळलेली नाणी.
हायपोच्या वासाने डब्यातली पोळी आंबट लागायची.
कुणी दाराला हात लावला की ओरडायचे,
"उघडू नका, माणूस पुसला जाईल!"
मग सगळं कॉम्प्युटरवर गेलं.
त्या खोलीत आता झेरॉक्सचे कागद ठेवतात.

दसरा झाल्यावर कपाट रिकामं केलं.
साड्या पलंगाखाली ढकलल्या.
दाराच्या फटीला फिल्मच्या पाकिटातला काळा कागद लावला,
निवृत्तीच्या दिवशी घरी आणलेला,
कशाला ते तेव्हा माहीत नव्हतं.
संध्याकाळी पाचला आत, सकाळी आठला बाहेर.
मुलुंडच्या डोहाळजेवणातून ओटी भरून होताच उठले.
"गॅसवर काही ठेवलंय का?"
"हो," म्हटलं, "तसंच काहीतरी."

एकविसाव्या रात्री निषाद
मोबाईलचा टॉर्च घेऊन कपाटात शिरला
इस्त्रीचा शर्ट शोधायला.
मी झोपेतच ओरडले, "माणूस पुसला जाईल!"
तो तसाच उभा, हातात हँगर.
"आई, कुठला माणूस?"

पुन्हा एकपासून मोजायला लागले.

नाताळ आला तसा गेला.
वसईहून कुलकुलांचा डबा आला,
त्यात चिठ्ठी: फुललं का?
जानेवारीत दोन रात्री खरा गारठा पडला,
वॉचमनने कानटोपी काढली, लिफ्टमध्ये
नॅफ्थलीनच्या वासाचे स्वेटर दिसले.
आणि टोकांवर गव्हाच्या दाण्याएवढं
लाल काहीतरी. पाच ठिकाणी.

गोगट्यांना दाखवायला कुंडी फिरवली,
तीन गळाल्या. मीच केलं ते.
चौथी वाळली.

उरली ती फेब्रुवारीत उघडली, एका मंगळवारी,
मी कुकर लावत असताना.
उलटं लोंबणारं, फुलातून फूल घसरत यावं तसं,
राणी रंगाचं.
निषादने फोटो काढला.
"फ्लॅश नको," म्हटलं.

वसईहून उत्तर आलं, आवाजात.
आधी कोंबड्या, मग थोडा वेळ काहीच नाही, मग
"छान गं. पण माझं तर पांढरं होतं."

पाच वाजत आले होते.
कपाटाचं दार उघडंच होतं.
मी चष्मा लावला, कुंडी न हलवता वाकले,
आणि उजेडासमोर फिल्म धरून बघायचे
तशी पाकळी बघितली.
आत, पार देठाशी,
होतं थोडं पांढरं.